काउंटेस आणि पाद्रीणबाई

एगर्ट श्टामरला झाडाबद्दल काही विचारलं की तो लगेच उत्तर द्यायचा नाही. आधी टोपी मागे सारायचा, मग नाक ओढायचा आणि मग म्हणायचा, "बघून सांगतो." आमच्या होल्श्टाइनातली निम्मी गिऱ्हाइकं एवढ्यावरच गार व्हायची. बघितल्याशिवाय बोलत नाही म्हणजे माणूस केवढा जाणता, असं त्यांना वाटायचं. त्यांना कुठं ठाऊक होतं, की काही वेळा हे बघणं झाडाचं नसायचं, झाडाला बांधलेल्या, नाव कोरलेल्या शिशाच्या पट्टीचं असायचं.

सगळ्याच झाडांच्या बाबतीत नाही हं, उगाच माणसावर आळ नको. श्टामरांच्या नर्सरीत सफरचंदाच्या साठ जाती होत्या. त्यातल्या अठ्ठावन्न एगर्ट ऐन जानेवारीत, पान नाही, फूल नाही, अशा उघड्या काडीवरून ओळखायचा. सालीचा रंग बघायचा, डोळा, म्हणजे मिटलेला कोंब, काडीला चिकटून आहे की फुगून बाहेर आलाय ते बघायचा, शेंड्याची लव ओठांवरून फिरवायचा आणि नाव सांगून मोकळा व्हायचा. गाडी अडायची ती दोनच जातींपाशी. एक काउंटेस आणि दुसरी पाद्रीणबाई. या दोघींतली कुठली कुठली, हे त्याला वयाच्या बासष्टाव्या वर्षापर्यंत एकदाही कळलं नव्हतं. आणि हे त्यानं ना बापाला सांगितलं होतं, ना बायकोला.

सांगणार तरी कसा? श्टामर म्हणजे चार पिढ्यांचे माळी. पणजोबानं काउंटेसच्या हवेलीतल्या बागेतून एक काडी आणली, पाद्र्याच्या परसातून दुसरी आणली, त्यांची कलमं बांधली आणि त्यावर नर्सरी उभी राहिली. काउंटेसची ओळ रस्त्याच्या कडेला, दिवसभर उन्हात. तिची फळं लालबुंद. पाद्रीणबाईची ओळ उंच कुंपणामागे सावलीत. तिची हिरवट, आठवडाभर उशिरा पिकणारी. गावात याच्यावर रीतसर दोन तट होते. केकमध्ये पाद्रीणबाईच हवी म्हणणाऱ्या बायका काउंटेसला हात लावायच्या नाहीत, आणि काउंटेसवाले म्हणायचे की पाद्रीणबाई डुकरांना घालायच्या लायकीची. फळं असली की एगर्टचं बरं चालायचं. पंचाईत व्हायची ती हिवाळ्यात, कारण कलमाच्या काड्या हिवाळ्यात कापतात आणि तेव्हा झाडावर बोडकेपणाशिवाय काही नसतं.

आणि हिवाळ्यातच यायचा तो रविवार. श्टामरांच्या घरात नर्सरी बापाकडून मुलाकडे अशीच जात नसे. वारसानं तिशीच्या आत एकदा काड्यांना बसायचं. जानेवारीचा शेवटचा रविवार, चर्चहून आल्यावर, जेवणाच्या आधी. बाप टेबलावर वीस काड्या मांडणार, कुणावर खूण नाही, पट्टी नाही. वारसानं ओळीनं वीस नावं सांगायची, तीही दोन जाणत्या माळ्यांच्या समोर. वीस बरोबर आली की पणजोबाचा शिंगाच्या मुठीचा चाकू त्याच्या हातात आणि नर्सरी त्याची. एक जरी चुकली तरी संपलं. मग पाळी भावाची, भाऊ नसला तर पुतण्याची. आणि त्या विसांत काउंटेस आणि पाद्रीणबाई असायलाच हव्यात. त्या दोघी नसल्या तर त्याला काड्या मांडल्या असं कुणी म्हणतच नसे.

एगर्ट बसला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. बेल्जियमच्या बागांत तीन वर्षं राबून नुकता घरी आलेला, अंगात रग भरलेली. बाप योखिम श्टामर टेबलाच्या पलीकडे हात बांधून बसला होता. बारा काड्या एगर्टनं धडाधड सांगितल्या. तेरावी आणि चौदावी शेजारी शेजारी होत्या. त्यानं त्या बघितल्या. दोन्ही तपकिरी, दोन्हींवर तेच ठिपके, तेच चपटे डोळे. त्यानं तेरावी उचलली, चौदावी उचलली, पुन्हा तेरावी उचलली. मागे त्याची आई त्रीना कॉफी ओतत उभी होती. बापाचा गुडघा दुखतो म्हणून काड्या तिनंच कापून आणल्या होत्या आणि सांगितलेल्या क्रमानं टोपलीत ठेवल्या होत्या. एगर्ट तेरावीवर बोट ठेवून म्हणाला, "ही... पाद्रीण..." आणि आई खोकली. साधा, कोरडा, एवढासा खोकला. "नाही, काउंटेस," एगर्ट म्हणाला, "आणि ही पाद्रीणबाई." बाप नुसता हुं म्हणाला. चाकू मिळाला, लग्न झालं, संसार झाला.

पण तो खोकला काही एगर्टच्या कानातून गेला नाही. चाळीसएक वर्षं तो लोकांना खरी जात म्हणून कलमं विकत होता, आणि आपण खोकल्यावर पास झालेला माळी आहोत हे मनात ठेवून होता. आई गेली तेव्हा तो रडलाच, पण थडग्यापाशी उभं असताना त्याला हेही वाटलं, की आता हे माहीत असलेलं दुसरं कुणी उरलं नाही. आणि असं वाटलं म्हणून त्याला आणखी रडू आलं.

त्या दोन ओळींतल्या काड्या तो कधी एका दिवशी कापत नसे. सोमवारी काउंटेस, पट्टी बांधून तळघरात वाळूत. मग गुरुवारी पाद्रीणबाई, दुसऱ्या कोपऱ्यात. एका वर्षी वादळात तळघराचं दार उघडं राहिलं, पाणी शिरलं आणि पट्ट्या सुटून काड्या एकत्र झाल्या. एगर्टनं त्या दीडशेच्या दीडशे काड्या शेगडीत घातल्या. बायको वीब्के बघतच राहिली. तिनं विचारलं, अहो, चांगल्या काड्या जाळता कशाला? हा म्हणाला, कीड लागलीये. तिला कीड काही दिसली नाही, पण नवऱ्याचा चेहरा दिसला आणि ती गप्प बसली. वाईट याचं वाटायचं, की बापाचा त्याच्यावर भलताच भरवसा होता. कुणी काडी घेऊन आलं आणि जात विचारली की म्हातारा अभिमानानं सांगायचा, "एगर्टला विचारा. त्याच्याइतकं आमच्यात कुणाला कळत नाही." हे ऐकलं की एगर्टला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं.

तर असे दिवस ढकलत ढकलत माणूस बासष्टाचा झाला, महायुद्ध होऊन गेलं, पैशाची माती होऊन पुन्हा पैसा झाला, आणि मुलगी टेल्झे सत्तावीस वर्षांची झाली. एकुलती एक. ड्रेस्डेनला एका मोठ्या नर्सरीत तीन वर्षं काम करून आलेली. हात असा, की तिनं बांधलेलं कलम शंभरात अठ्ठ्याण्णव लागायचं. ड्रेस्डेनवाल्यांनी तिला परत बोलावलंच होतं, ईस्टरपर्यंत कळव म्हणून पत्र पडलं होतं. टेल्झेनं सरळ सांगून टाकलं, "बाबा, मला इथंच राहायचंय. पण दुसऱ्याच्या हाताखाली नाही. काड्या मांडा. आलं तर माझं, नाही आलं तर मी निघाले."

एगर्टच्या धाकट्या भावाला, हिन्नर्कला, हे कळायला वेळ लागला नाही. हिन्नर्क म्हणजे नाकानं कांदे सोलणारा माणूस. गावाबाहेर त्याची भाजीची बाग होती, पण थोरल्यामुळे आपल्याला काड्यांना बसायलाच मिळालं नाही ही सल त्याच्या मनात अजून ताजी होती. त्याला मुलगा होता, त्याच्यासाठी तो टपून बसला होता. तो म्हणाला, जरूर मांडा, मुलगी असली म्हणून काय झालं, नियम म्हणजे नियम. साक्षीला मी येतो. दुसरा साक्षीदार म्हणून शेजारचा गुलाबवाला राइमर यायचा होता, कमी बोलणारा, सरळ माणूस.

आता अडचण लक्षात घ्या. मुलीची परीक्षा घेणार कोण, तर एगर्ट. बरोबर-चूक सांगणार कोण, तर एगर्ट. त्यानं आठवडाभर डोकं चालवलं आणि मग फार सोपा उपाय काढला. अठरा काड्या कापून पाण्याच्या बादलीत ठेवल्या, त्या तो कधीही ओळखणारच होता. शनिवारी दुपारी रस्त्याकडच्या ओळीतून काउंटेसची काडी कापली आणि कोटाच्या उजव्या खिशात ठेवली. कुंपणामागून पाद्रीणबाई कापली, ती डाव्या खिशात. मांडताना उजवीची आधी, डावीची नंतर. झालं. पोरीला येतंय की नाही ते तिचं तिनं बघावं, आपल्याला निदान खरं काय ते माहीत असेल.

रविवारी सकाळी चर्चला तो दुसरा, काळा कोट घालून गेला. प्रवचनात पाद्री काय म्हणाला ते त्याला विचारू नका. परतताना हिन्नर्क वाटेतच भेटला आणि सोबतच घरात शिरला, राइमर पाठोपाठ आला. स्वयंपाकघरात हिरव्या कोबीची भाजी आणि सॉसेजेस शिजत होती. म्हातारा योखिम, आता सत्त्याऐंशीचा, बाहेरच्या खोलीत शेगडीजवळच्या खुर्चीत गुडघ्यावर घोंगडी घेऊन बसला होता. एगर्टनं खुंटीवरचा कामाचा कोट घेतला, उजव्या खिशात हात घातला. खिसा रिकामा. डाव्यात घातला. तोही रिकामा.

"काय शोधताय?" वीब्के चुलीपासून म्हणाली. "त्या काड्या ना? कोट झटकायला घेतला तेव्हा काढल्या. बादलीत ठेवल्यात बाकीच्यांबरोबर. खिशात सुकल्या असत्या की."

एगर्टच्या तोंडचं पाणीच पळालं. बिचारीनं चांगल्या मनानं केलेलं, तिला बोलणार काय? त्यानं बादलीतल्या विसांतून त्या दोघी बरोबर बाहेर काढल्या, कारण बाकी अठरा त्याच्या ओळखीच्या होत्या. दोन्ही हातांत दोन काड्या धरून तो उभा राहिला. कुठली उजव्या खिशातली आणि कुठली डाव्या, कोण जाणे. बाहेर जाऊन पुन्हा कापून आणाव्यात, तर हिन्नर्क दारातच पाय पसरून बसलेला, आणि काड्या ठरल्यावर बदलायच्या नाहीत हाही घरचाच नियम. मग त्याच्या मनात पळवाट आली. पोरगी जे म्हणेल ते बरोबर, असं सांगून टाकायचं. ती ज्या काडीला काउंटेस म्हणेल ती काउंटेस. कोण विचारतंय? हिन्नर्क कुरकुरेल, पण तोंड त्याचं बंद करता येईल. शरमेचं काम होतं, पण त्याला जरा धीर आला. त्यानं काड्या मांडल्या, त्या दोघी शेवटी, एकोणीस आणि वीस.

टेल्झे बसली. हात स्वच्छ धुतलेले, नखांत मात्र माती, ती काही श्टामरांच्या नखांतून जात नाही. पहिली काडी उचलली, नाव सांगितलं. दुसरी, तिसरी. एका काडीला तिनं दातांनी जरा सोललं, वास घेतला आणि नाव सांगितलं. एगर्ट प्रत्येकीला मान डोलवत होता. अठरापर्यंत ती एकदाही अडखळली नाही. राइमरनं हळूच एगर्टच्या कोपराला कोपर लावलं. हिन्नर्क मिशा चावत होता.

एकोणिसावी आणि विसावी तिनं एकदमच उचलल्या. बघितल्या, अंगठ्यानं काड्यांवरचे डोळे चाचपले. मग दोन्ही परत टेबलावर ठेवल्या.

"या दोन्ही एकच आहेत," ती म्हणाली.

"म्हणजे?" हिन्नर्क म्हणाला.

"म्हणजे एकच जात आहे, काका. काउंटेस म्हणा नाहीतर पाद्रीणबाई म्हणा."

हिन्नर्कच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते बघण्यासारखं होतं. त्यानं टेबलावर थाप मारली, म्हणाला, आटोपलं, पोरीला येत नाही. येत नाही म्हणून एकच आहेत म्हणतेय. असं म्हणायचं झालं तर कुणीही म्हणेल. आणि मग एगर्टकडे वळून म्हणाला, "सांग की तिला. तूच मांडल्यास. कुठली काउंटेस?"

एगर्टची पळवाट गेली. ती जे म्हणेल त्याला हो म्हणायचं ठरवलं होतं, पण तिनं हे म्हणावं असं थोडंच ठरलं होतं? आता एक बोट उचलून म्हटलं असतं, ही काउंटेस, ही पाद्रीणबाई, पोरी, चुकलीस, तर चाळीस वर्षांची अब्रू शाबूत राहिली असती. पोरगी ईस्टरला ड्रेस्डेनच्या गाडीत बसली असती. आणि त्यानं टेल्झेकडे बघितलं. ती घाबरली नव्हती. पण ती जितक्या जोरात ओठ दाबून बसली होती, तितक्या जोरात माणूस उगाच दाबत नाही.

"मला माहीत नाही," एगर्ट म्हणाला.

कुणाला काही कळलंच नाही. वीब्के हातात डाव घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली.

"मला माहीत नाही, कुठली काउंटेस ते. मला कधीच माहीत नव्हतं. मी पट्टी बघून सांगतो. सगळा जन्म पट्टी बघून सांगितलं." मग त्याला थांबता येईना. तळघरातलं पाणी सांगितलं, शेगडीत घातलेल्या दीडशे काड्या सांगितल्या, सोमवार-गुरुवार सांगितला. आईचा खोकलाही सांगितला. सांगताना बापाकडे बघायची हिंमत झाली नाही, म्हणून टेबलावरच्या एका ओरखड्याकडे बघत सांगितला.

हिन्नर्क पुढे सरसावला. मग म्हणाला, तुला येत नाही म्हणून कुणालाच येत नाही असं थोडंच आहे, आण इकडे. त्यानं दोन्ही काड्या घेतल्या, उजेडाकडे धरल्या, एकीचं टोक चघळलं, थुंकला, आणि ठणकावून सांगितलं की ही काउंटेस, आंधळ्यालाही दिसेल. टेल्झेनं त्याच्या नकळत त्या काडीच्या बुडाशी नखानं एक बारीक खूण केली आणि दोन्ही राइमरकडे दिल्या. राइमरनं पाठ फिरवून त्या फिरवल्या आणि पुन्हा समोर धरल्या. हिन्नर्कनं पुन्हा बघितलं, चघळलं, आणि तेवढ्याच ठणकावून दुसरीला काउंटेस केलं. राइमरनं न बोलता त्याला नखाची खूण दाखवली.

"चष्मा घरी राहिला," हिन्नर्क म्हणाला.

मग टेल्झेनं सांगितलं. तिलाही त्या दोघी कधी ओळखता आल्या नव्हत्या. ड्रेस्डेनला जायच्या आधी ती रात्रंदिवस याच धसक्यात होती. शेवटी तिच्या डोक्यात आलं, की एक उन्हात उभी, दुसरी सावलीत, मग फरक दिसणार तो झाडाचा की जागेचा? म्हणून तिनं कोंबड्यांच्या आवारामागे एका जुन्या झाडाच्या दोन फांद्यांवर दोन्हींची कलमं बांधली. एकच खोड, एकच माती, एकच ऊन. फरक असला तर आता नीट दिसेल आणि मी पाठ करेन, असा हिशेब. गेल्या शरदात दोन्ही फांद्यांना मिळून सात सफरचंदं लागली. सातही लाल. सातही एकाच आठवड्यात पिकली. तिनं कापून बिया बघितल्या, देठ मोजले, नाताळपर्यंत ठेवून चाखली. तरीही तिला वाटत होतं, चुकतोय ते आपणच, चार पिढ्या कशा चुकतील? आज इथं बसेपर्यंत तिचं ठरलं नव्हतं, की अंदाजानं दोन नावं सांगायची की जे दिसलं ते सांगायचं.

"पाद्रीणबाई लग्नाआधी काउंटेसच्या हवेलीत कामाला होती," राइमर सावकाश म्हणाला. "माझी आजी सांगायची. म्हणजे ती पाद्र्याच्या घरी आली ती पदरात काडी बांधूनच आली असणार."

वीब्के दारातच खुर्ची ओढून बसली. तिला एवढंच म्हणायचं होतं, की कीड नव्हती हे तिला तेव्हाच कळलं होतं.

या सगळ्यात म्हाताऱ्या योखिमकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्याला कमी ऐकू यायचं, त्यामुळे किती पोचलं याचाही भरवसा नव्हता. आता त्यानं काठी जमिनीवर आपटली.

"त्रीना खोकली होती?"

एगर्टनं मान हलवली. "हो, बाबा."

"तरीच," म्हातारा म्हणाला. "मला वाटलं हिला छातीचं काही झालं. आठवडाभर एल्डरबेरीचा गरम रस पाजला मी तिला. नको नको म्हणत होती. पण प्यायली बिचारी."

राइमरला पहिल्यांदा हसू फुटलं, मग वीब्केला. एगर्ट मात्र हसला नाही. तो बापासमोर जाऊन उभा राहिला, बासष्ट वर्षांचा, आणि म्हणाला, "मी तुम्हाला फसवलं."

योखिमनं त्याच्याकडे वर बघितलं. म्हाताऱ्याचे डोळे पाणावलेले होते, पण ते एरवीही पाणावलेलेच असायचे.

"त्या दोघी मी शेजारी शेजारी मांडल्या होत्या ना," तो म्हणाला. "त्या तुला अडवायला नव्हे रे. मलाच ओळखता येत नव्हत्या. माझ्या वेळी मी आपलं ठोकून दिलं होतं, नशिबानं बरोबर आलं. माझ्या हातून अदलाबदल होईल म्हणून तर काड्या कापायला त्रीनाला पाठवलं, गुडघ्याला काही धाड भरली नव्हती. म्हटलं बघू, पोराला तरी येतंय का. आणि तू सांगितलंस. मला वाटलं, चला, घरात एक तरी माणूस आहे ज्याला कळतं. त्या दिवसापासून मी काळजी सोडली."

"आणि मी त्या दिवसापासून धरली, बाबा," एगर्ट म्हणाला.

एवढं म्हटल्यावर त्याचा जीव असा काही भांड्यात पडला, की त्याला टेबलाची कड धरावी लागली. छातीवर इतकी वर्षं बसलेलं ओझं उठून गेल्यावर माणसाला जरा हवेत असल्यासारखंच होतं. त्याला बापाचा राग आला नाही, स्वतःचाही आला नाही. दोघांच्या मध्ये एक टेबल होतं आणि त्या टेबलाच्या दोन बाजूंना दोघं सगळा जन्म एकाच गोष्टीला भिऊन बसले होते, एवढंच त्याला दिसलं, आणि मग मात्र तो हसायला लागला. हसता हसता डोळे पुसायला लागला. म्हातारा काठी आपटून हसत होता.

"पण निकाल काय?" टेल्झे म्हणाली. "मी पास की नापास?"

सगळ्यांनी हिन्नर्ककडे बघितलं. नियमाची भाषा तोच करत होता. हिन्नर्कनं मिशा पुसल्या, त्या दोन काड्यांकडे बघितलं, भावाकडे बघितलं. त्याच्या मनात काय चाललं असेल देव जाणे. आपल्याला बसायला मिळालं असतं तर आपलंही हेच झालं असतं, हे त्याला बहुतेक त्याच क्षणी कळलं असावं, आणि जन्मभराची सल अशी एकदम निघून गेली की माणूस जरा रिकामा होतो.

"दे रे तिला चाकू," तो म्हणाला. "भाजी करपतेय तिकडे."

एगर्टनं फडताळातून चाकू काढला. द्यायच्या आधी तो म्हणाला, "तू पास झालीस, टेल्झे. नापास आम्ही झालो, मी आणि तुझे आजोबा." तिनं चाकू घेतला, मूठ अंगठ्यानं दाबून बघितली आणि लगेच पाठमोरी होऊन खिडकीतून बागेकडे बघत राहिली. कुणी तिला हाक मारली नाही. मग ती वळली ती स्वयंपाकघरात जेवायच्या ताटल्या मांडायलाच.

जेवणावर गावाचं काय करायचं याचा खल झाला. यादीत दोन नावं ठेवायची की एक? राइमर म्हणाला, एकच ठेवा आणि खरं सांगा, लोक आधी चिडतील, मग हसतील. वीब्के म्हणाली, केकवाल्या बायकांना मी सांगणार नाही, ज्याला हौस असेल त्यानं सांगावं. टेल्झे म्हणाली, मी सांगेन, माझी नर्सरी आहे. हे ती इतक्या साधेपणानं म्हणाली, की सगळे पुढचा घास घ्यायचे विसरले. एगर्टनं तिसऱ्यांदा भाजी वाढून घेतली.

जेवण झाल्यावर हिन्नर्क आणि राइमर गेले, बायका भांड्यांना लागल्या. दुपारचा फिकट उजेड बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर होता आणि वीस काड्या अजून तशाच पसरलेल्या होत्या. योखिमनं एगर्टला बोटानं जवळ बोलावलं. दाराकडे बघून, कुणी नाही अशी खात्री करून, तो खालच्या आवाजात म्हणाला, "ती सातवी काडी. ती हिवाळी लाल जातीची ना?"

"हो, बाबा."

"ती तुला कळते? पट्टी न बघता?"

"कळते."

"नक्की?"

"नक्की."

म्हातारा जरा वेळ घोंगडीची किनार चुरगाळत बसला.

"मला तीसुद्धा कळत नाही," तो म्हणाला. "शिकवतोस?"

एगर्टनं टेबलावरून सातवी काडी उचलली, खुर्ची बापाच्या खुर्चीला लावून घेतली आणि बसला. मग बापाचा अंगठा हातात घेऊन त्यानं तो अलगद काडीच्या पहिल्या डोळ्यावर टेकवला.